घाणेरडा आवाज

तूबाच्या अब्बांची होडी नेमकी कुठे अडकलीय, ते त्यांनी वायरलेसवर सांगितलं होतं. पण ते सांगत असतानाच शेडमध्ये बर्फ फोडायचं यंत्र धडधडत होतं, आणि करीमचाचांच्या कानात होडीच्या ‘अल-सफा’ या नावापलीकडे काही शिरलंच नाही. मग वायरलेस गप्प.

साडेपाच वाजले होते. चाचांची होडी इंजिन चालू ठेवून जेटीला उभी. उत्तरेला जयगडकडे वळायचं की दक्षिणेला पूर्णगडकडे? तटरक्षक दलानंही फोनवर तेच विचारलं. एकीकडे चुकून गेलं, की दुसरीकडे पोचेस्तोवर काळोख.

“चाचा, तुमचा फोन द्या!” तूबानं लॅपटॉप उघडला. विसरायला होतं म्हणून चाचा वायरलेसवरचं सगळं फोनवर टेप करत. आणि निरोप आला तेव्हाच फुजैल, तिचा चुलतभाऊ, यंत्रापाशी रील काढत होता.

“एका फोनात अब्बा जास्त, दुसऱ्यात यंत्र जास्त. त्या फरकावरून दोघांना सोडवता येतं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी आणि वर्गातली निदा एकदम बडबडलो होतो, ते नाही का सोडवलं?”

“निदाला गप्प केलंस म्हणजे मानलं,” फुजैल म्हणाला. तूबानं दोन्ही फोनमधले आवाज लॅपटॉपवर घेतले.

प्रोग्रॅम सुरू झाला. या फोनमधून त्या फोनचं इतकं वजा, मग जरा बदलून तितकं, दोन आवाज एकमेकांपासून पार तुटेपर्यंत. वजा करायचा आकडा स्थिर व्हायला हवा होता. शंभर फेऱ्या झाल्या. दोनशे. आकडा नाचतोच आहे!

“फुजैल, व्हिडिओला काय केलंस तू?”

“काय नाय गो! आवाज साफ केला फक्त. ॲपमध्ये बटण असतं. म्हटलं तुला सोपं जाईल.”

“अरे गाढवा, मला घाणेरडाच हवा! धडधड दोन्हीकडे जशीच्या तशी हवी, नाहीतर कशातून काय वजा करू?”

फुजैलचा चेहरा पडला. “मूळचा डिलीट केला मी.”

तूबानं त्याचा फोन हिसकावला. डिलीट केलेल्यांचा फोल्डर. खाली, अजून खाली... होता!

यंत्र थांबतानाचा शेवटचा ठोका दोन्हीकडे होता. तिनं ठोक्याला ठोका जुळवला. अकराव्या फेरीला आकडा थांबला.

पहिला आवाज लावला. यंत्र. नुसतं यंत्र.

“गेलं,” चाचा पुटपुटले.

“थांबा ओ! पहिला कोण येईल ते प्रोग्रॅम ठरवून देत नाही.” तिनं दुसरा लावला.

“...इंजिन बंद. पाणी घेतेय. जयगडचा दिवा उगवतीला, अठरा वाव...”

जीपीएस मेला की होडी हाकणारे जुने तांडेल असंच सांगतात: दीपगृहाचा दिवा कुठल्या दिशेला आणि खाली पाणी किती वाव खोल. चाचांना पुढचं ऐकायची गरज नव्हती. “सोड दोरी! जयगड!”

सात वाजून दहा मिनिटांनी वायरलेस खरखरला, चाचा बोलत होते. “अल-सफा बांधून घेतली. चौघंही सुखरूप आहेत.”

त्यांच्या आवाजामागे होडीचं इंजिन धडधडत होतं, आणि त्यातच कोणीतरी खोकत होतं. तो खोकला वेगळा काढायला तूबाला कॉम्प्युटर लागला नाही.