दोन्ही डावे

मी डूल बोलतोय. लवकर ऐकून घ्या, कारण एका जागी गप्प राहणं मला जमत नाही. पंखा लागला की हललो, दार आपटलं की हललो, शेजारच्या घरात कुणी शिंकलं तरी माझी मान हलते. अंगठीचं बरं असतं, एकदा बोटात बसली की बसली. माझ्या नावातच डुलणं आहे, मग मला चैन कसं पडणार? त्यात मी डावा. माझा जुळा भाऊ आहे, तोही डावाच.

आमचा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. ते नावालाच जेवणाचं टेबल. अर्ध्याहून जास्त जागा पक्कडी, हातोडी, पितळी तारेची वेटोळी आणि मण्यांच्या डब्यांनी अडवलेली, आणि उरलेल्या कोपऱ्यात दोन माणसं ताटं सांभाळत जेवायची. एक आई आणि एक तिची मुलगी. मुलीला आई लहानपणापासून भिंगरी म्हणते, कारण तिच्या पायाला भिंगरी आणि हातालाही. त्या घरात हरवलेला मणी मिठाच्या बरणीत सापडतो, नाहीतर बुटात.

भिंगरीचा धंदा म्हणजे हीच दोन खोल्यांची धावपळ. सकाळी तार वाकवायची, खिडकीत जरा ऊन आलं की हातातलं टाकून फोटो काढायला पळायचं, मग खोकी बांधायची, आणि शनिवारी बाजारात टेबल मांडून उभं राहायचं. मधेमधे फोन असतोच. "ताई, सेम हवंय. फक्त रंग वेगळा, थोडं मोठं, आणि तो मणी नको." भिंगरी म्हणते, "हो, करते," आणि फोन ठेवून पुटपुटते, "मग सेम काय राहिलं, माझं डोकं?"

पूर्वी या घरात एक रीत होती. नवीन डूल तयार झाला की तो सगळ्यात आधी आईच्या कानात जायचा. भिंगरी म्हणायची, "आई, नाही म्हण," आणि आई जोरजोरात नकाराची मान हलवायची. डूल गालाला लागतो का, किती झुलतो, ते असं कळायचं. मग "हो म्हण." आई वर-खाली मान हलवायची आणि दोघी हसायच्या. माझ्या आधीचे सगळे डूल हे सांगतात. मला मात्र तो मान मिळाला नाही, कारण मी जन्मलो तेव्हा आईचे कान बोडके होते.

झालं होतं असं. आईला ऐकू येईनासं झालं. उजव्या कानासाठी एक छोटं यंत्र आणलं. पण उजव्या कानात डूल घातला की त्याची खळखळ यंत्रातून थेट डोक्यात शिरायची. भिंगरी म्हणाली, मग डावीकडेच डूल घाल. आई म्हणाली, "एकाच कानात? लोकांना वाटेल, बाईचा एक डूल पडला आणि हिला पत्ताच नाही. आधीच बहिरी, त्यात वेंधळी!" बरं, दोन्ही कान मोकळे ठेवून यंत्र तरी लावायचं? तेही नको. जन्मभर मिरवलेले कान नुसतं यंत्र दाखवायला बाहेर न्यायचे, हे तिला पटेना. शेवटी डूलही गेले आणि यंत्रही कपाटात गेलं. भिंगरीने किती समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

मग घरात एक शब्द वाढत गेला. भिंगरी काही सांगायची, आई विचारायची, "काय?" भिंगरी पुन्हा सांगायची. आई पुन्हा "काय?" तिसऱ्या वेळी भिंगरी म्हणायची, "काही नाही, राहू दे." बाजारातली गंमत राहू दे, शेजारच्या काकूंचं भांडण राहू दे, विनोद तर पहिला राहू दे. हळूहळू आईने विचारणंच सोडलं. ताटावर बसायची, जेवायची, उठायची. त्या कोपऱ्यात एवढी शांतता असायची की मण्यांनाही कंटाळा यायचा.

अशाच एका दुपारी मी आकाराला आलो. वाऱ्याने उडालेल्या पानाचा आकार, देठ एका बाजूला वळलेलं, टोकाला एक हिरवा मणी. पुढून हातोडीने ठोकून खडबडीत केलेला, पाठीमागून गुळगुळीत. कानात घातल्यावर माझं देठ मागे, मानेकडे वळायला हवं. म्हणजे उजव्या कानाचा डूल माझ्या उलट, आरशात दिसतो तसा व्हायला हवा. त्यासाठी भिंगरीची पद्धत साधी आहे. पहिला डूल पालथा ठेवायचा आणि त्याच्या वळणावर दुसरी तार वाकवायची. तिने मला पालथा ठेवला, तार हातात घेतली, आणि दाराची बेल वाजली.

"आई, दार!" आईला ना बेल ऐकू आली, ना हाक. बेल वाजत राहिली. भिंगरी चरफडत उठली, खोकी न्यायला आलेल्या माणसाला खोकी दिली, धापा टाकत परत आली आणि घाईघाईत मला उताणा ठेवून कामाला लागली. मी ओरडून सांगणार कसा? तार वाकली, हातोडी चालली, मणी बसला. दोघांना कार्डावर शेजारी शेजारी टांगलं तेव्हा तिला दिसलं. दोघांची देठं एकाच दिशेला.

ती तशीच आतल्या खोलीत गेली. "यंत्र घातलं असतंस तर दार तू उघडलं असतंस! दोन्ही डावे झाले, दोन्ही डावे!"

"दोघं जेवले?" आई म्हणाली. "कोण आलं होतं?"

एरवी कुणीही हसलं असतं. भिंगरी हसली नाही. "राहू दे," म्हणाली आणि परत आली. मला त्या दिवशी आईसाठी फार वाईट वाटलं.

टेबलाच्या वर भिंतीत एक खिळा आहे. फसलेला माल तिथे लटकतो. आमच्यासारख्यांसाठी तुमच्या भाषेत शब्द तयार आहे, डावलणं. उजवं ठरलं तर कौतुक, डावं ठरलं तर बाजूला. खिळ्यावरच्या कुणालाच फार आयुष्य नसतं. मणी कमी पडला की काढतात, तार हवी असली की कापतात. माझ्या समोरच एका मोठ्या बाळीचे तुकडे झाले. मी आणि भाऊ रात्रंदिवस एकमेकांवर आपटत होतो, कारण स्वस्थ लटकणं काही जमेना.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी तेच झालं. एका जोडीला हिरवे मणी कमी पडले. भिंगरीने आम्हाला खिळ्यावरून उतरवलं आणि कापायची पक्कड उचलली. तिची थंड धार माझ्या मानेला लागली. तेवढ्यात आई पाणी प्यायला बाहेर आली आणि टेबलापाशी थांबली.

"हे काय कापतेस? चांगलं तर आहे."

"चुकलंय," भिंगरी म्हणाली.

"काय?"

"चुकलंय! काही नाही, राहू दे."

आईने तिचं मनगट धरलं. "हे बघ, मला बेल ऐकू येत नाही, हाक ऐकू येत नाही. पण तुझं 'राहू दे' मला बरोबर कळतं. ओठ हलले की कळतं. तुझे बाबा गेले तेव्हासुद्धा मला एवढं एकटं वाटलं नव्हतं. शिव्या दे, ओरड, पण मला राहू देऊ नकोस."

भिंगरीच्या हातातली पक्कड खाली पडली. तिचे डोळे भरले. तिने नाक पुसलं, आईसमोर तोंड नेलं आणि सावकाश सांगितलं, "दोन्ही डावे झाले." आईला कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. मग मला आणि भावाला तळहातावर ठेवून, देठं दाखवून, तिसऱ्यांदा सांगितलं.

"अगं बाई, दोन्ही डावे!" आईने मला उचललं आणि सवयीच्या हाताने डाव्या कानात घातलं. किती दिवसांनी त्या कानाला भार मिळाला होता! भिंगरी नकळत म्हणाली, "नाही म्हण." आईने ओठांवरूनच ओळखून मान हलवली आणि मी असा डुललो म्हणून सांगू!

"याला उजवा नाहीच ना? म्हणजे उजव्या कानाला सुट्टी." आई आरशात बघत म्हणाली. मग चेहरा उतरला. "पण लोक म्हणतील, हिचा एक हरवला."

भिंगरीने माझ्या भावाला उचललं, स्वतःच्या डाव्या कानात घातलं, उजवा कान मोकळाच ठेवला आणि पुन्हा आईसमोर तोंड नेऊन सावकाश म्हणाली, "म्हणू दे. सांग त्यांना, हरवला नाही, लेकीकडे आहे."

 आई आत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि ती उजव्या कानात यंत्र लावून परत आली. भिंगरी नेहमीसारखं मोठ्याने काहीतरी सांगायला लागली, तशी आई म्हणाली, "ओरडतेस कशाला? बहिरी आहे का मी?"

आता मी आईच्या कानात राहतो. पितळ थोडं काळवंडलंय, मणी शाबूत आहे. भाऊ भिंगरीबरोबर दिवसभर फिरतो, बाजारात गिऱ्हाइकं त्याला विचारतात, "दुसरा कुठे?" इथे माझी घालमेल चालते. पण एक सांगतो. नीट जुळलेल्या जोडीतले डूल जन्मभर एका चेहऱ्याच्या दोन बाजूंना राहतात आणि कधी भेटत नाहीत. आमचं तसं नाही. उजवीकडून मिठी मारली की आईचं यंत्र शिट्टी वाजवतं, म्हणून या मायलेकी डाव्या गालाला डावा गाल लावतात. तेव्हा मी आणि भाऊ एकमेकांवर टण्णकन आपटतो. आम्ही उजवे-डावे असतो तर हे सुख मिळालं नसतं.

तुमच्याही एखाद्या डबीत माझ्यासारखा एकटा डूल पडला असेल. त्याला फेकू नका, आणि घरात कुणी "काय?" विचारलं तर राहू दे म्हणू नका. पुन्हा सांगा. आता मला जाऊ द्या, भाऊ यायची वेळ झाली.

ही बघा, बेल वाजली. आईने ऐकली. ती उठतेय.