अकरा पानांचं एक पान

दवाखान्याच्या काउंटरवरच्या बाईंनी माझी अकरा पानं हातात घेतली, वजन केल्यासारखी वरखाली केली आणि न वाचताच परत दिली.

"मॅडम प्रत्येक मुलाला बारा मिनिटं देतात," त्या म्हणाल्या. "तपासणीच्या दिवशी एक पान आणा. पाठपोट नाही हं. आया फार हुशार असतात, मागची बाजूपण भरून आणतात."

मीही नेमका तोच विचार करत होते.

तपासणी नऊ दिवसांनी होती. ती अकरा पानं म्हणजे माझ्या मुलीचे चार महिने, रोजच्या वहीतून उतरवलेले. ती पाच वर्षांची आहे. जन्मली तेव्हा दोन किलोच्याही आत होती, म्हणून घरात सगळे तिला मुंगी म्हणतात. चार महिन्यांपूर्वी बालवाडीच्या बाईंनी मला फाटकाशी गाठून सांगितलं, हिचं लक्ष नसतं, एक गोष्ट दोनदा सांगावी लागते. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी कान तपासले, डोळे तपासले आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मुलगी उत्तम आहे. तुम्ही जरा झोप काढा." नवऱ्यानं ते वाक्य घरी आणून जपून ठेवलं. मी काही बोलायला लागले की तो म्हणायचा, "डॉक्टर काय म्हणाले, आठवतंय ना?"

आठवत होतं. मागच्या सोमवारी मुंगी जिना उतरताना एक पाय हवेत ठेवून तशीच राहिली, तेही आठवत होतं. मी दंड धरला म्हणून वाचली. या मोठ्या डॉक्टरबाईही 'आईचा स्वभाव काळजीचा आहे' म्हणाल्या असत्या, तर पुढे कुणी मुंगीकडे बघितलंच नसतं. आणि पुढच्या वेळी जिन्यात मी असेनच असं नाही.

तेव्हा एक पान.

पहिल्या दिवशी मी सगळ्यात सोपा उपाय केला, अक्षर बारीक केलं. नवऱ्यानं कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "मुंगीबद्दल आहे ते कळलं," तो म्हणाला, "पण मुंग्यांनीच वाचायचं आहे का?"

दुसऱ्या दिवशी खोडायला बसले. एकही ओळ खोडवेना. एक ओळ लिहिताना दूध उतू गेलं होतं. एक मी न्हाणीघराच्या दाराशी उभी राहून, ओल्या हातानं, किराणाच्या यादीमागे लिहिली होती. माझ्या दृष्टीनं सगळ्याच ओळींची किंमत मोजून झाली होती. दोन तासांनी मी फक्त चार 'खूप' आणि एक 'अतिशय' काढले, आणि मुंगी बाहेरून ओरडली, "आई, झाली का गं तुझी शाळा?"

चौथ्या दिवशी मी वैतागले आणि सगळं बाजूला सारून नवीनच लिहिलं. कॉलेजात माझ्या निबंधांना दोन वर्षं बक्षीस मिळालं होतं. आमचे सर सांगायचे, एका पानावर तोच शब्द पुन्हा आला की समजावं, लिहिणारा दमलाय. मी कितीही दमलेली असले तरी तो नियम मोडत नसे. पान मस्त झालं. 'मुलगी वरचेवर अन्यमनस्क होते. तिच्या नजरेत कुठलंसं दूरचं गाव उतरतं.' नवऱ्याला वाचून दाखवलं.

"छान आहे," तो म्हणाला. "मासिकाला पाठव."

त्याला टोमणा मारायचा नव्हता. तेच जास्त लागलं.

रविवारी नणंद आली. ती यंत्रांबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिका तपासते. कपडे धुण्याचं यंत्र, मिक्सर, टेबलफॅन. खोक्यातून निघते आणि कुणी उघडत नाही, ती पुस्तिका. तिच्या या कामाला मी मनातल्या मनात कधी लेखन म्हटलं नव्हतं. कागद तिच्या हातात दिला तोही कौतुक होईल म्हणून.

तिनं वाचला. पर्समधून पेन्सिल काढली आणि कानावर ठेवली.

"वहिनी, ह्यात मुंगी कुठेय?"

"सगळी तिचीच तर गोष्ट आहे."

"नाही गं. ह्यात तू आहेस. तू घाबरलीस, तुला वाटलं, तुझ्या काळजात चर्र झालं. डॉक्टर तुला तपासणार आहेत का?" मग हात पुढे केला. "वही दे. मूळची."

वही देताना मला कपडे बदलताना कुणी दार उघडल्यासारखं झालं. ती जेवणाच्या टेबलाशी बसली, मी समोर भाजी निवडत. आतल्या खोलीत मुंगी तिच्या बाबाला ठोकळ्यांचं घर बांधायला लावत होती. बराच वेळ नणंद नुसती पानं उलटत राहिली.

"ही तीन तारखेला 'हरवली' म्हणजे काय झालं?"

"म्हणजे अशी... हरवल्यासारखी."

"आणि सहा तारखेला 'तंद्रीत गेली'?"

"तेच."

"अकराला 'शून्यात बघत होती'. पुढे 'गप्पगप्प झाली'. इथे 'मन थाऱ्यावर नव्हतं'. इथे तर 'समाधी लागली' लिहिलंयस."

"तेच तेच कसं लिहायचं? वाईट दिसतं."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. "आमच्याकडे एका नव्या मुलानं पुस्तिका लिहिली होती. यंत्राच्या झाकणाला एका पानावर झाकण म्हणाला, दुसऱ्यावर दार, तिसऱ्यावर आवरण. वाचायला गोड. महिनाभर लोक फोन करून विचारत होते, आमच्या यंत्राला दार आलंच नाही, पाठवून द्या. तेव्हापासून आमच्याकडे एका भागाला एकच नाव. शेवटच्या पानापर्यंत. लिहिणाऱ्याला शिसारी आली तरी."

मी हसले नाही. हातातली जुडी तशीच राहिली. चार महिने मी एकाच गोष्टीला रोज नवं नाव देत आले होते आणि मग वही चाळून स्वतःलाच म्हणत होते, कशाचा कशाला मेळ नाही, उगाच काळजी करतेय मी.

"आता शब्द सोड," नणंद म्हणाली. "तीन तारीख. डोळे उघडे होते की मिटलेले?"

"उघडे."

"तोंड?"

मी आठवलं. "हलत होतं. काही नसताना चघळल्यासारखं."

"हाक मारलीस?"

"दोनदा. ऐकलं नाही. मग आपोआप बोलायला लागली. मधलं काही तिला माहीतच नव्हतं."

"किती वेळ?"

"दहा सेकंद. बारा फार तर."

"हे वहीत का नाही?"

ते सगळं मी पाहिलं होतं. पण लिहिताना 'तोंड चघळल्यासारखं हललं' हे मला गावंढळ वाटलं होतं, म्हणून 'हरवली' लिहिलं.

आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. जिथे जिथे डोळे उघडे, तोंड हलतंय, हाकेला ओ नाही, तिथे तिथे आधीचा शब्द खोडून 'थांबली' लिहायचं, एवढंच. पाच झाल्यावर मला खरोखरच कंटाळा आला. नऊ झाल्यावर नणंद म्हणाली होती ती शिसारी आली. मग मी भलतीकडेच घसरले. दिसेल त्या नोंदीत 'थांबली' घालायला लागले.

"बावीस तारखेला काय झालं होतं?" नणंदेनं विचारलं.

"थांबली."

"वहिनी."

"...बाहुली दिली नाही म्हणून रुसली होती."

"मग काढ."

खिडकीची नोंदही अशीच गेली. पूर्ण पानभर होती. दुपारी पडद्यातून आलेल्या उजेडात मुंगी गजाला कपाळ टेकून उभी होती, काचेवर तिच्या श्वासाचा गोल उमटत होता आणि विरत होता. माझ्या वहीतलं सगळ्यात चांगलं पान. मी ते नवऱ्यालाही कधी दाखवलं नव्हतं.

"हाक मारल्यावर वळली?" नणंदेनं विचारलं.

वळली होती. लगेच. 'काय गं आई' म्हणालीसुद्धा. त्या दिवशी मुलीला काहीही झालं नव्हतं, ती फक्त बाहेर बघत होती. मी त्या पानावर तिरपी रेघ मारली. जीव तुटला, खोटं कशाला बोलू.

तापाच्या जागी अडलो. मुंगी दीड वर्षाची असताना तिला ताप भरला होता आणि मी दवाखान्यात एक दिवस उशिरा नेलं. त्यावर मी दीड पान लिहिलं होतं. नणंदेनं ते वाचलं. उठून दोन ग्लास पाणी आणलं, एक माझ्यापुढे सरकवला. मग माझं मीच लिहिलं : 'दीड वर्षाची असताना तीव्र ताप. एक दिवस उशिरा नेलं.' बाकीचं काढलं.

उरल्या सतरा नोंदी. तारीख, वेळ, किती सेकंद, आणि प्रत्येक ओळीत तोच शब्द. पान इतकं रुक्ष दिसत होतं की सरांनी परत फेकलं असतं. दोन तृतीयांशही भरलं नव्हतं.

तपासणीला नवराही आला. डॉक्टरबाईंनी कागद घेतला आणि वाचला. वरून पुन्हा वाचला. मला वाटलं होतं, माझ्या झोपेबद्दल विचारतील. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. खणातून कागदाचं भिरभिरं काढून मुंगीपुढे धरलं.

"जोरात फुंकर मार बघू. अजून. थांबू नकोस, मारत राहा."

मुंगीला हा खेळ फारच आवडला. गाल फुगवून ती फुंकत राहिली. मिनिट झालं, दीड झालं. मी भिंतीकडे बघत होते. मनात म्हणत होते की होऊ दे, आणि त्याच दमात, नको होऊ दे. दोन मिनिटं होत आली असतील, फुंकर मध्येच संपली. भिरभिरं हळू झालं. मुंगीचे डोळे उघडे होते आणि ओठ बारीक बारीक हलत होते.

डॉक्टरबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "मुंगी," त्यांनी हाक मारली. मग पुन्हा.

"मुंगे, अगं..." नवरा खुर्चीतून अर्धा उठला. तिचं हे थांबणं त्यानं याआधीही पाहिलं असणार. पण नीट बघत होता तो पहिल्यांदाच.

अकरा सेकंदांनी मुंगी म्हणाली, "आता मी निळं पातं फुंकते."

डॉक्टरबाई शांतपणे बोलत होत्या. हे झटकेच असतात, फक्त तसे दिसत नाहीत. जोरात श्वास घेत-सोडत राहिलं की येतात, म्हणून फुंकायला लावलं. मेंदूचा आलेख आजच काढू. औषध आहे, बहुतेक मुलांना त्यानं बरं वाटतं. जिन्यात हात धरायचा, पाण्यापाशी एकटं सोडायचं नाही. कागद त्यांनी फाइलला टाचला आणि म्हणाल्या, "महिनाभर असंच लिहून आणा. एवढंच. जास्त नको."

आलेखाच्या खोलीबाहेर बाकावर आमचा नंबर सतरा माणसांनंतर होता. मुंगी बाबाच्या मांडीवर झोपली. बराच वेळ तो तिच्या बुटाचा बंद सोडत आणि बांधत बसला.

"तुझंच खरं निघालं," तो शेवटी म्हणाला.

मला ते खरं निघायला नको होतं. गेले नऊ दिवस मी एकेक शब्द काढत होते ते बहुधा याच आशेनं, की सगळं काढून झाल्यावर खाली काहीच उरणार नाही.

"पाठ धर तिची नीट, कलतेय," मी म्हणाले, आणि वही उघडून आजची तारीख घातली.