तफीदाचा शिक्का

मानवजातीची सगळी महान कार्यं क्रोधातून जन्माला आली आहेत. तफीदाने अठ्ठावन्नाव्या वर्षी, कुणी गुरू न करता, अरबी लिपी आणि व्याकरण शिकायला घेतलं तेही क्रोधातूनच. फक्त तो क्रोध वड्यांच्या पुडीतून बाहेर आला.

नाईलच्या पश्चिम काठावरच्या त्या गावात तफीदा कोर्टाच्या पायऱ्यांसमोर तामियाचे हिरवे वडे तळायची. दुकान म्हणजे वडिलांच्या घराची रस्त्याकडची खोली. घराचा तिसरा हिस्सा तिचा, बाकीचा धाकट्या भावाचा, खलाफचा. पुड्यांसाठी ती रद्दी किलोवर घ्यायची: जुन्या वह्या, उत्तरपत्रिका, कचेरीतले खराब झालेले कागद. गिऱ्हाईक पाहून तिखट कमी-जास्त करायची; कागद मात्र सगळ्यांना सारखेच, कारण तिला ते सगळे सारखेच दिसायचे.

एक दिवस वहबा एफेंदी, म्हणजे कोर्टाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देणारे गृहस्थ, पुडीतला शेवटचा वडा संपवून पुडीच वाचायला लागले.

"वा! काय अक्षर आहे! कुणाचं म्हणायचं हे?" मग चेहरा पडला. अक्षर त्यांचंच होतं.

"काय लिहिलंय?" तफीदाने विचारलं.

"काही नाही, उम्म जाबर. जुनी रद्दी." गावात तिला मुलाच्या नावाने, जाबरची आई म्हणूनच हाक मारायचे.

"माझ्या रद्दीत काय आहे ते मला कळू दे. वाचा, नाहीतर उद्यापासून वडे दुसरीकडे खा."

दुसरीकडचे वडे वहबा एफेंदींनी खाऊन पाहिले होते. त्यांनी वाचलं. "मी, तफीदा, निरक्षर, राजीखुशीने वडिलांच्या घरातला माझा हिस्सा भाऊ खलाफ याच्या नावे सोडत आहे." खाली शाईचा गोल. ही बिघडलेली प्रत होती. चांगली प्रत नोंदणी कचेरीत रांगेत पडली होती.

गोल तिच्याच शिक्क्याचा होता. लग्नात बापाने तिच्या नावाचा पितळी शिक्का करून दिला होता. लिहिता न येणाऱ्या माणसाची तीच सही. "पिठात हरवशील" म्हणून खलाफने तो बारा वर्षांपूर्वी आपल्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवला होता. हरवला नव्हता, हे खरं.

"तुम्ही लिहिलंत?"

"मी लिहिणारा माणूस. लोक सांगतात, मी लिहितो. हरकतीचा अर्जही लिहून देईन. तुला निम्म्या दरात."

तफीदाने झारा उचलला. वहबा एफेंदी वयाच्या मानाने चपळ निघाले.

त्या दिवसापासून तिने रद्दीतलं एक शालेय व्याकरण बाजूला ठेवलं. त्याची पहिली चाळीस पानं वड्यांबरोबर गावभर गेली होती, त्यामुळे गावात व्याकरणाचा पाया सर्वत्र होता, फक्त तफीदाकडे नव्हता. पाया तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवरून घातला. त्यावर कुराणातली, नमाजात रोज म्हणायची सुरा छापली होती, अरबीत एरवी गाळल्या जाणाऱ्या सगळ्या मात्रांसकट. ती तिला तोंडपाठ. बोट ठेवायचं, म्हणायचं, आवाज कुठल्या आकारावर पडतो ते पाहायचं. महिन्याभरात अक्षरं सापडली, आणि सापडली तशी तिला त्यांचाही राग यायला लागला. एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एक तोंड दाखवतं, मध्ये दुसरं, शेवटी तिसरं. "खलाफ," ती म्हणाली. सहा अक्षरं अशी की मागच्याचा हात धरतात आणि पुढच्याला देत नाहीत. "सगळं माहेर," ती म्हणाली.

व्याकरणात कर्ता लपवून वाक्य बोलायची सोय आहे, असं कळलं तेव्हा तर तिने तेल करपू दिलं. घर दिलं गेलं. शिक्का उमटवला गेला. कुणी? व्याकरण गप्प. हजार वर्षं विद्वानांनी बसून चोरांची सोय करून ठेवली होती, असं तिचं मत झालं. विद्वानांनी तिचं मत कधी विचारलं नाही.

या शिक्षणात आणखी एक गोष्ट तिला कळली. खलाफ रोज सकाळी कॅफेत वर्तमानपत्र उघडून चार लोकांना बातम्या सांगायचा. एकदा वडे पोचवायला गेली तेव्हा तो सांगत होता, "कापूस यंदा चढणार, इथे साफ लिहिलंय." तिने खांद्यावरून पाहिलं. पान अख्खं शोकसंदेशांचं होतं. ती वडे ठेवून परतली. एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवायची म्हणजे पोट दुखणारच. दोन दिवस तिने बडीशेपेचं पाणी घेतलं.

आठ महिन्यांनी तिचा हरकतीचा अर्ज तयार झाला. खलाफच्या चांगल्या प्रतीला अजून नोंद क्रमांक मिळाला नव्हता; कचेरीच्या आळसाने कुणाचं भलं झाल्याचं हे एकमेव उदाहरण.

कारकून उस्ताद फिक्रींनी अर्ज नाकाजवळ धरला. "प्रत्येक अक्षरावर मात्रा? इतक्या मात्रा शाळेनंतर आजच पाहिल्या."

"चूक आहे का?"

"चूक नाही, तीच पंचाईत. पण सही चालणार नाही. फायलीत तुम्ही निरक्षर आहात. निरक्षर माणसाचा शिक्का लागतो."

"मी तुमच्यासमोर लिहून दाखवते."

"मला दिसेल, उम्म जाबर. फायलीला कसं दिसणार?"

"शिक्का चोराच्या कमरेला आहे!"

"मग त्यांना शिक्क्यासकट बोलवा. नाहीतर साक्षरतेचा दाखला आणा. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. तुमच्या भावाचा कागद मात्र गुरुवारी वर येतोय."

तफीदाने टेबलावर अशी मूठ आपटली की फिक्रींचा चहा बशीत आला. चोराला शिक्का चालतो आणि मालकिणीला सही चालत नाही! तिला ओरडायचं होतं. मग काहीतरी सुचलं, आणि न ओरडण्याचं आयुष्यातलं सर्वात अवघड काम तिने केलं.

"बोलवा त्याला," ती म्हणाली. "सांगा, तफीदाच्या कागदावर शिक्का हवाय. एवढंच."

खलाफ धावत आला. इस्त्रीचा पायघोळ गलाबिया, अत्तर, हातात जुडगा. "मिळाला एकदाचा मुहूर्त! तफीदा, तू पण आलीस? बरं केलंस, घरातली गोष्ट घरात." त्याने चष्मा लावला, अर्ज हातभर लांब धरला, ओठ हलवले, दोनदा "हं" म्हणाला.

फिक्रींनी नियम पाळला. "मजकूर वाचून दाखवू का, खलाफ?"



"मला?" खलाफ दुखावून म्हणाला. "उस्ताद, रोजचं वर्तमानपत्र कोण वाचतं गावात?"

त्याने शिक्का शाईवर दाबला, त्यावर फुंकर मारली, आणि तफीदाच्या नावाखाली स्वतःच्या हाताने घट्ट, गोल, स्वच्छ उमटवला. इतका सुरेख तर त्याने चोरतानाही उमटवला नव्हता.

फिक्रींनी नोंदवहीत लिहिताना मोठ्याने म्हटलं, "हरकत दाखल. हक्कसोडीचा कागद रोखला."

"कुठला रोखला?" खलाफ म्हणाला.

आणि मग तफीदा सुटली. "तुझा! चोरटा! आई तापाने पडली होती तेव्हा दोन वर्षं तुला कडेवर वागवलं, माझी कंबर अजून त्याच बाजूला झुकते! खोली हवी होती तर तोंड नव्हतं विचारायला? माझ्याच नावाने मला रस्त्यावर काढायला निघालास! आण तो इकडे!" तिने जुडगा हिसकावला, शिक्का ओरबाडून काढला, किल्ल्या त्याच्या अंगावर फेकल्या. रांगेतले लोक भिंतीला चिकटले. वहबा एफेंदी खिडकीतून डोकावत होते, ते दिसेनासे झाले. "आणि शोकसंदेशात कापसाचे भाव वाचतोस! मेलेल्यांची तरी लाज धर!"

खलाफने चष्मा काढला. तो लाल झाला, मग पांढरा. ती पुढच्या वाक्याची जुळवाजुळव करत होती. अजून आठ महिन्यांचा साठा होता.

तो अर्जावर वाकला. आवाज इतका खाली की फक्त तिला ऐकू यावा.

"तफीदा," तो म्हणाला, "यात माझं नाव कुठलं, तेवढं दाखव ना."