'काढा' या बटणाने केलेला घोळ

मित्रांनो, फुलांच्या ऑर्डरी नोंदवणारा मी एक जुना कॉम्प्युटर प्रोग्राम आहे. जन्म पुण्याचा, नोकरी अमरावतीच्या राजापेठेत, पार्बताबाईंच्या हारांच्या दुकानात. मला घडवणारे गृहस्थ माझ्या बटणांवर शुद्ध मराठी लिहून परदेशी गेले. माझा मूळ कोडही त्यांच्यासोबतच हरवला.

एका बटणावर त्यांनी 'काढा' लिहिलं होतं. त्यांच्या मनात होतं, नोंद काढून टाका. पण पार्बताबाईंच्या लेखी पावती काढायची म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. त्या मोठ्या विश्वासाने 'काढा' दाबत, त्यावर मी विचारलेल्या 'निष्कासनाची पुष्टी?' या न कळणाऱ्या प्रश्नालाही 'होय' म्हणत आणि मी इमानेइतबारे ऑर्डर पुसून टाकी. परतवाड्याच्या एका लग्नाचे हार असेच गडप झाले. मुहूर्ताला नवरीच्या हाती आली ती मांडवाच्या खांबाची झेंडूची माळ!

बाईंचे यजमान गोवर्धनराव खवळले. "हे पुण्याचं भूत काहून पोसून राहिली तू? उद्याच उडवतो याले!"

खरं सांगतो, मला जगायचं होतं.

त्यांची भाची खुशी अकोल्याला कॉम्प्युटर शिकते. ती सुट्टीवर आली होती. म्हणाली, "थांबा मामाजी. रिसोर्स एडिटर नावाचं साधन असते. मूळ कोड नसला तरी बटणावरचे शब्द बदलवता येतात."

"फुकट भेटते काय?" पार्बताबाईंनी आधी तेच विचारलं.

"हो, तीन हायेत."

"मंग तीनही घे!"

"डॉक्टर तीन कायले मामी, पेशंट एकच हाय न! एकेक तपासून पाहू."

पहिल्या साधनाने आपल्यासोबत नको ते प्रोग्राम पाहुणे म्हणून कॉम्प्युटरात घुसवायला घेतले. खुशीने त्याला दारातूनच वाटेला लावलं. दुसऱ्याला मराठीचा गंध नव्हता, त्याने बटणांवर नुसती प्रश्नचिन्हं उमटवली. तिसरा दिसायला गबाळा, पण मराठी नीट लिहिणारा निघाला. हे सगळे प्रयोग तिने माझ्या प्रतीवर केले, म्हणून मी वाचलो.

छपाईच्या बटणावर 'मुद्रण' असं होतं. ते आजवर कोणी दाबलंच नव्हतं.

"इथं काय लिहू मामी?"

"पावती फाडा."

फाडा ऐकून माझ्या तर काळजाचं पाणी पाणी झालं! पण इथे पावती देण्यालाच फाडणं म्हणतात, हे मला मागाहून कळलं. 'काढा'च्या जागी 'मिटवा' आलं, आणि त्यावरच्या 'निष्कासनाची पुष्टी?' या प्रश्नाच्या जागी: 'मिटवू काय? मंग बोंबलू नोका.'

दुसऱ्याच दिवशी धारणीच्या साखरपुड्याची ऑर्डर आली. सवयीने बाईंचं बोट जुन्याच बटणावर पडलं. मी प्रश्न विचारला. त्या दचकल्या, मग पदर तोंडाला लावून हसत सुटल्या आणि त्यांनी 'नाही' दाबलं. हार वाचले.

गोवर्धनराव पडद्यात डोकावून म्हणाले, "राहू दे याले. आता आपल्यासारखं बोलून राहिलं."

मित्रांनो, त्या दिवशी मी त्या घरचा झालो. जुन्या प्रोग्रामला उडवण्याआधी एकदा त्याला तुमची बोली शिकवून पाहा. आणि शिकवताना प्रतीवर शिकवा, बाबांनो. जीव आम्हालाही एकच असतो.