माझ्या आतली भेग

मित्रांनो, मी एक जुने हेल्मेट आहे. आता माझे दोन तुकडे केले आहेत, तरी बोलण्याची खोड गेलेली नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. बाहेर टणक कवच, आत धक्का झेलणारा जाड फोम आणि त्यावर मऊ अस्तर. मला विकत घेतले दातांच्या एका डॉक्टरीणबाईंनी. आठवडाभर त्या लोकांना तोंड उघडायला लावत आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीच्या मैदानावर स्वतः दात-ओठ खात मोटार पळवत. त्यांचे बाबा शिंपी. त्यांनी माझ्यासाठी रजईसारखी जाड पिशवी शिवली. दर शर्यतीला ते बरोबर येत, माझी काच पुसत आणि लेकीच्या हनुवटीखाली माझा पट्टा स्वतः आवळत. "काय चकाकतंय!" असे कुणी म्हटले की मी आतल्या आत फुगत असे.

ती शर्यत हौशी लोकांची होती, शनिवार-रविवारची. एकेका गाडीने एकटीने धावायचे आणि घड्याळाशी झुंजायचे. ज्याची एखादी तरी फेरी सर्वांत लवकर संपेल, तो जिंकला. शनिवार संपला तेव्हा बाई दुसऱ्या होत्या. पुढे फक्त एक बेकरीवाला, तोही जेमतेम.

रविवारी सकाळी बाबा मला पुसायला बसले. त्यांचा हात थरथरला, मी निसटलो आणि सिमेंटच्या जमिनीवर दाणकन आपटलो. बाहेर बारीकसा ओरखडा, पण आतला फोम तडकला. बाबांनी इकडेतिकडे पाहिले. ओरखड्यावरून फडके फिरवले आणि मला गुपचूप जागेवर ठेवले.

मित्रांनो, त्या दिवशीच्या पहिल्या फेरीत माझी काय अवस्था झाली सांगू! प्रत्येक वळणाला टायर किंचाळत होते आणि मी मनातल्या मनात ओरडत होतो, "हळू, बाई, हळू!" गाडी उलटली असती तर मी काय कामाचा होतो? पण हेल्मेटाला तोंड कुठे असते!

फेरी चांगली झाली, पण बेकरीवाला अजून पुढेच होता. शेवटची फेरी उरली. गाड्या रांगेत लागल्या. बाबा खिडकीतून वाकून माझा पट्टा आवळू लागले आणि मधेच थांबले.

"काढ ते डोक्यावरचं."

"बाबा, आता माझाच नंबर आहे!"

"सकाळी माझ्या हातून पडलं. जोरात."

"आणि हे आत्ता सांगताय? एक फेरी मारून आले मी!"

"हात थरथरतात गं हल्ली. तुला कळलं तर पुढच्या वेळी मला घरीच ठेवशील, असं वाटलं."

झेंडेवाला हात करत होता. "डॉक्टर, येताय ना?"

बाईंनी स्टिअरिंगवर एक बुक्की मारली. मग गाडी रांगेतून बाहेर घेतली. "नाही. माझं झालं."

बक्षीस बेकरीवाल्याला मिळाले, तेव्हा बाईंनी टाळ्या वाजवल्या, पण ओठ घट्ट मिटलेले होते. नंतर शर्यतीच्या तपासनिसाने माझे अस्तर उचकटले. या कानापासून त्या कानापर्यंत भेग होती. बाईंनी तिच्यावरून बोट फिरवले आणि बाबांकडे पाहिले. बाबा मान खाली घालून उभे होते.

थोड्या वेळाने बाईंनी चहाचा थर्मास उघडला. बाबांच्या हातून सांडू नये म्हणून त्यांचा कप अर्धाच भरला.

"उद्या डॉक्टरांना हात दाखवून येऊ. आणि बाबा, पुढच्या शर्यतीला यायचंच आहे तुम्ही. पुसायचं मी बघेन."

आतली भेग सर्वांना दिसावी म्हणून मला उभे कापून मैदानाच्या कचेरीत ठेवले आहे. नवे लोक येतात, माझी भेग बोटाने चाचपतात. त्यांच्याकडे माझे एकच मागणे आहे. आम्ही पडलो तर आम्हाला फेकून द्या, आम्हाला वाईट वाटणार नाही. पण ज्याच्या हातून पडलो, त्याला ते न घाबरता सांगता येईल, इतके आपल्या माणसांशी मऊ राहा.