न लावलेल्या मिश्रीचे मणी

दाढ काढून घरी आली तेव्हाच मालनने ठरवलं होतं, आता मिश्री बंद. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, तंबाखू भाजून दातांना चोळत राहिलात तर बाकीचे दातही असेच जातील. पण दुपारची भांडी आवरली की हात आपसूक फळीवरच्या डबीकडे जायचा. एकटीच्याने काही जमेना.

घाटकोपरच्या त्या चाळीत मिश्री न लावणारी बाई शोधावी लागली असती. शेजारची रत्नप्रभा आणि समोरची वनमाला, दोघींना मालनने गाठलं. जुनं काचमण्यांचं तोरण तुटलं होतं, त्याचे मणी घरात होतेच. तिघींनी आपापल्या दाराला खिळा ठोकून दोरा टांगला. दिवसभर मिश्री लावली नाही की एक मणी ओवायचा. शनिवारी जिचे मणी जास्त, तिला बाकीच्या दोघींनी वेणी आणायची.

पहिल्या शनिवारी वेणी मालनने माळली, दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवारीही तिनेच. तिच्यात भलताच जोर आला. सकाळी नळावर ती दोघींना दात दाखवायला लावायची. रत्नप्रभा हसून दाखवायची. वनमालाच्या दोऱ्यात मात्र एकही मणी नव्हता.

"वनमाले, दोरा काय वाळत घातलायस?" मालन एकदा सगळ्यांदेखत म्हणाली. नळावरच्या बाया हसल्या. वनमालाने भरलेली घागर उचलली आणि ती निघून गेली. दुपारी तिच्या दारावर दोराही नव्हता, खिळाही नव्हता. मग रत्नप्रभाही मणी ओवायला विसरू लागली.

त्या शनिवारी मालनच्या अंबाड्यात वेणी बघून नवऱ्याने, मार्तंडने विचारलं, "आज कुणी आणली?"

"मीच आणली."

"मग जिंकलीस कुणाला?"

त्याने सहज विचारलं आणि तो जेवायला बसला. मालनला मात्र त्या दिवशी घास गोड लागला नाही. आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी तिने डबी हातात घेतली, झाकण उघडलं, वासही घेतला. मग डबी तशीच ठेवून ती वनमालाच्या खोलीत गेली.

वनमाला तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं नाही.

"रागावलीस?" मालनने विचारलं.

"रागवान काय करू? माजे मिश्रीचे दिसाचे पाच फेरे होते गो. आता सकाळचो एकच ऱ्हवलो. पण तुज्या माळेत त्येका मणी नाय."

मालन खाली बसली. हे तिला ठाऊकच नव्हतं, आणि तिने कधी विचारलंही नव्हतं. तिचे स्वतःचे मुळात दोनच फेरे होते, एक सकाळी आणि एक दुपारी. पाचांवरून एकावर येणं तिला जमलं असतं का, कुणास ठाऊक.

"मग चुकवलेल्या प्रत्येक फेऱ्याला एक मणी," ती म्हणाली.

संध्याकाळी हे कळल्यावर रत्नप्रभाने दोघींसमोर कुरकुर केली. "माझे मुळातच दोन. मी कितीही केलं तरी दोनच मणी. हिचे चार. हा कुठला न्याय?"

"हिने सोडलेत जास्त," मालन म्हणाली. रत्नप्रभा पुन्हा मणी ओवू लागली, पण दोन दिवस ती घुश्शातच होती. वनमालाने दगडाने ठोकून खिळा पुन्हा बसवला.

पुढच्या शनिवारी वनमालाचा दोरा भरगच्च होता. मालनने अबोलीची वेणी आणली आणि स्वतः तिच्या अंबाड्यात खोवली. खोवून झाल्यावर मालनचा हात नकळत स्वतःच्या रिकाम्या अंबाड्याकडे गेला. वेणीची सवय तिला लागली होती.

"बरी दिसता काय गो?" वनमालाने मान वळवून विचारलं.

"झकास दिसतेयस. हलू नकोस, पडेल."

दिवाळीनंतर रत्नप्रभाच्या नवऱ्याला कांजूरला खोली मिळाली, ती तिकडे गेली आणि खेळ हळूहळू थांबला. मालनने मिश्रीला पुन्हा हात लावला नाही. वनमालाचा सकाळचा फेरा काही सुटला नाही, आणि मालनने त्याबद्दल तिला कधी टोकलं नाही. दुपारी फार तल्लफ आली की ती दार ओढून घ्यायची आणि समोर वनमालाकडे जाऊन बसायची.