गुरुवारच्या उपासाला स्पेन

वर्षाराणीच्या डोक्यात कधी काय येईल, सांगता येत नाही. तिचा नवरा तारापूरच्या पॉवर प्लांटमध्ये, त्यामुळे आमच्या बिल्डिंगमध्ये तिचा शब्द जरा वजनाचा. मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारचा उपास सगळ्यांनी तिच्या घरी सोडायचा आणि प्रत्येकीने एकेका देशाचा पदार्थ करून आणायचा, असं तिने जाहीर केलं. देशांच्या चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या सुनेला, मोनालीला, स्पेन आला.

मी म्हटलं, चिठ्ठी बदलून घे, चीन घे, निदान नूडल्स तरी होतील. पण ती मोबाइल घेऊन बसली, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिला काहीतरी हौसेने शोधताना मी पाहिलं. म्हणून गप्प बसले. एरवी मी गप्प बसणाऱ्यातली नाही.

मोनाली अमळनेरची. बोईसरला आली आणि खिडकीपाशीच बसून राहिली. तिच्या नवऱ्याच्या, माझ्या कैलासच्या, कंपनीत कधी पहिली पाळी, कधी रात्रपाळी. तो घरी असतो तेव्हा झोपलेला असतो. बिल्डिंगमध्ये तिची कुणाशी धड ओळख नाही. रविवारच्या गाडीचं माहेरचं तिकीट काढलं होतं. थोडे दिवस राहून येते म्हणाली, पण बॅगेत थंडीच्या कपड्यांखाली उन्हाळ्याचेही कपडे होते. मला कळायचं ते कळलं. पोरगी परत येत नाही, या धास्तीने मला घास गोड लागेना. अडवायची हिंमतही होईना. बळेच ठेवून घेतलेलं माणूस घरात असून नसल्यासारखंच. त्यात या जेवणात तिला कुणी हसलं असतं, तर सगळंच संपलं असतं.

स्पेनमध्ये म्हणे लहान लहान बशांत थोडं थोडं खातात, त्याला तापास म्हणतात. स्वस्तही असतं आणि सोपंही, मोनाली म्हणाली. पहिलाच पदार्थ निघाला अंडं-बटाट्याचा. मार्गशीर्षात अंडं! मी नुसतं पाहिलं, तिने पुढचा काढला. त्यात लसूण. त्याच्या पुढच्यातही लसूण, आणि नैवेद्याला लसूण चालत नाही. अंडं गेलं, लसूण गेला, मग त्या देशात उरलं काय? बटाटे उरले. अंड्याच्या जागी बेसन कालवून आम्ही बटाट्याचं जाड धिरडं केलं, चौकोनी तुकडे पाडले आणि त्यांना टूथपिक टोचले. पावाचे काप तव्यावर भाजून त्यांवर टोमॅटो चोळला. जाड हिरव्या मिरच्या तळून वर मीठ भुरभुरवलं. या तर वडापावच्या गाडीवर फुकट मिळतात, असं मी म्हटल्यावर ती हसली. शेवटी पालक घालून छोले शिजवले.

नैवेद्य दाखवेपर्यंत काही चाखायचं नाही, हे काय कुणी सांगायला लागतं? घटापुढे सगळ्यातलं चमचाभर ठेवलं, कहाणी वाचली आणि डबे घेऊन निघालो. जिन्यात मोनालीने विचारलं, छोल्यांत दोन चमचे मीठ घातलंय, पुरेल ना? ती अंघोळीला गेली होती तेव्हा मीही घातलं होतं. गॅसवर काही रटरटताना दिसलं की माझा हात आपोआप मिठाकडे जातो. तिला सांगायचं धाडस झालं नाही. पुरेल, म्हटलं.

वर्षाराणीकडे सगळ्या सकाळपासून उपाशी. तिने मानाने पहिला चमचा आमच्या छोल्यांचा घेतला आणि तिचा चेहरा कसनुसा झाला. मोनालीने ते पाहिलं. स्वतः एक घास घेतला आणि बशी खाली ठेवली. खारट झालंय, एवढंच म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते. मीठ मीही घातलंय, चूक माझी आहे, असं मी सगळ्यांदेखत सांगितलं. मला वाटलं, गेली पोर.

तेवढ्यात आमच्याच बिल्डिंगमधली, मूळची उमरोळीची सपना, जिच्या वाट्याला इटली आली होती, पास्त्याचा घास तोंडात धरून थांबली.

"माज्यात मीठच नाय," ती म्हणाली. "मला वाटलं सासूनं टाकलं, सासूला वाटलं मी टाकलं."

वर्षाराणीने घाईघाईने आपला मेक्सिकोचा राजमा चाखला. तोही अळणी. मग जी ती आपापला डबा चाखू लागली. कुणाचं खारट, कुणाचं अळणी, कुणाच्या खिरीत साखरच नाही. चाखलं कुणीच नव्हतं! बिचाऱ्या देवीने आमच्या आधी सगळ्या बिल्डिंगचा नैवेद्य मुकाट्याने खाल्ला होता. हसून हसून बायकांच्या डोळ्यांना पाणी आलं. सपनाने तिचा पास्ता सरळ आमच्या छोल्यांत ओतला, ढवळला आणि पहिली बशी मोनालीच्या हातात दिली. ते मिश्रण इतकं झकास लागलं, की आधी तोच डबा संपला. नंतर या दोघी ओट्यापाशी उभ्या राहून बोलत होत्या. काय ते मला ऐकू आलं नाही, पण माझी सून एवढं बोलते हे मला माहीत नव्हतं. जिवात जीव आला.

जिना उतरताना ती म्हणाली, "आई, पुढच्या गुरुवारी मी सगळ्यांना आपल्याकडे बोलावलंय."

"आणि रविवारची गाडी?"

"यांना सांगते तिकीट रद्द करायला."

मी कठडा धरून उभी राहिले. गुडघा दुखतोय, असं सांगितलं. तिने डबे खाली ठेवले आणि माझा हात धरला.